सेलरी : आहार कोणता, औषध कोणते?

आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नांमध्ये गेल्या काही वर्षांत एका नव्या भाजीची भर पडली आहे. पूर्वी दुधी, कारले, आवळा यांच्या रसाविषयी विचारणा होत असे. आता सेलरीच्या रसाविषयी होते. २०१९ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत रिकाम्या पोटी पेलाभर सेलरीरस घेण्याची लाट आली, समाजमाध्यमांतून ती आपल्याकडे पोहोचली आणि आज लहान शहरांतील भाजीवाल्यांकडेही हिरव्या देठांची ही जुडी दिसू लागली आहे. औषधी विक्रेत्यांकडे ‘सेलरी सीड’ या नावाचे चूर्ण आणि कॅप्सूलही मागितल्या जातात. संहितांमध्ये शाक म्हणून न आलेल्या या द्रव्याविषयी वैद्याने काय सांगावे, आणि औषधालयाने कोणत्या नावाखाली काय द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे आम्हास आवश्यक वाटते. साठीच्या घरातील एक गृहस्थ संधिशूलासाठी आमच्याकडे येत असत. उच्च रक्तदाबासाठी त्यांना त्यांच्या डॉक्टरांची गोळी तीन वर्षांपासून चालू होती. एका भेटीच्या शेवटी, दारातून बाहेर पडता पडता त्यांनी विचारले, “वैद्यराज, सेलरी चालेल ना?” आम्ही सहज उत्तर दिले, “भाजीच आहे, चालेल की.” पाच आठवड्यांनी ते परत आले तेव्हा डोके जड, झोप उडालेली आणि रक्तदाब १७८/१०४. चौकशी केली असता कळले की रोज सकाळी एका संपूर्ण जुडीचा रस, त्यावर एका दुकानातून आणलेले ‘सेलरी सीड’ चूर्ण एक चमचा, आणि ‘आता नैसर्गिक उपाय सुरू झाला’ म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद! दुकानदाराने चूर्ण देताना ‘हीच आपली अजमोदा’ असे सांगितले होते. त्या दिवशीच त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवून गोळी पुन्हा सुरू करविली. पुढे रक्तदाब आटोक्यात आला तो त्या गोळीने, हे सांगणे नलगे.

रुग्णाने विचारलेल्या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या: भाजी, रस आणि बी. आम्ही फक्त पहिलीचे उत्तर दिले होते. म्हणून या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

वनस्पतिपरिचय

सेलरीचे शास्त्रीय नाव एपियम ग्रॅव्हिओलन्स असे आहे. ओवा, जिरे, धने, बडीशेप, शेपा ज्या कुळातील, त्याच शतपुष्पाकुलातील ही वनस्पती होय. तिचे मूळ स्थान भूमध्य सागराच्या परिसरातील ओलसर, दलदलीची जमीन. प्राचीन ग्रीसमध्ये नेमिया येथील क्रीडास्पर्धांतील विजेत्यांना रानटी सेलरीच्या पानांचा मुकुट घालीत असत. रानटी जात कडवट आणि उग्र असते. युरोपातील बागाइतदारांनी निवड करीत करीत तिच्यातून जाड, रसाळ व सौम्य देठांची जात तयार केली.

आज लागवडीत तीन प्रकार आहेत. पहिला देठांचा, आपल्याकडे ‘सेलरी’ म्हणून मिळतो तो हाच. दुसरा पानांचा, याचे देठ बारीक, वास तीव्र, चिनी स्वयंपाकात याच धर्तीची सेलरी वापरतात. तिसरा कंदाचा, ज्याचे गोल मूळ युरोपात उकडून अथवा किसून खातात. पुणे परिसरात विदेशी भाज्यांची शेती करणारे शेतकरी पहिला प्रकार हॉटेलांसाठी पिकवू लागले आणि तेथून तो घरोघरी आला. बियांसाठीची शेती मात्र निराळी आहे. ती मुख्यत्वे पंजाबात, विशेषतः अमृतसरच्या बाजूस होते आणि त्या बियांचा मोठा भाग निर्यात होतो. भाजीची सेलरी आणि बियांची सेलरी एकाच जातीची असली तरी शेत, बाजार व उपयोग या तिन्ही बाबतींत वेगळी आहे, हे औषधी विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे.

पोषणमूल्य : वास्तव किती?

१०० ग्रॅम कच्च्या देठांत सुमारे ९५ ग्रॅम पाणी असते. उष्मांक १४ ते १६, प्रथिने ०.७ ग्रॅम, कर्बोदके ३ ग्रॅम, त्यांतील तंतू १.६ ग्रॅम. पोटॅशियम सुमारे २६० मिलिग्रॅम, सोडियम ८०, कॅल्शियम ४० मिलिग्रॅम. ‘क’ जीवनसत्त्व अवघे ३ मिलिग्रॅम. फोलेट ३६ आणि ‘के’ जीवनसत्त्व सुमारे २९ मायक्रोग्रॅम. म्हणजे ही हलकी, पाणीदार, थोडे तंतू देणारी भाजी आहे. पोषणाचा खजिना नव्हे. लोहासाठी, कॅल्शियमसाठी वा ‘क’ जीवनसत्त्वासाठी आपला शेवगा, राजगिरा आणि आवळा तिच्याहून कितीतरी सरस आहेत. सेलरी चावण्या-पचविण्यात तिच्यातील उष्मांकांहून अधिक उष्मांक खर्च होतात, हा समजही खरा नाही. पचनास लागणारी ऊर्जा अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा अल्पसा भागच असते.

रक्तदाबाच्या रुग्णांच्या दृष्टीने सोडियमचा आकडा महत्त्वाचा आहे. भाज्यांच्या मानाने तो जास्त आहे. कोशिंबिरीत घातलेल्या दोन देठांनी काही बिघडत नाही. परंतु रसासाठी अर्धा किलो देठ घेतले, तर त्यांत सोडियम ४०० आणि पोटॅशियम १३०० मिलिग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली सोडियमची दैनंदिन मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत आहे; तिचा पाचवा हिस्सा एका पेल्यापायी खर्ची पडू शकतो. वृक्कविकाराच्या रुग्णास पोटॅशियमचा एवढा भार एकदम देणे तर सरळ धोक्याचे. बाजारात ‘सेलरी सॉल्ट’ म्हणून जी बाटली मिळते, तिच्यातील बहुतांश भाग साधे मीठच असतो. तिला मिठाचा पर्याय समजून रक्तदाबाचे रुग्ण घेऊन जातात. विक्रेत्याने दोन शब्द सांगितले तर हा अनर्थ टळेल.

रसाविषयी

सेलरीला जो विशिष्ट गंध आहे तो थॅलाइड वर्गातील द्रव्यांमुळे. त्यांपैकी ३-एन-ब्युटिलथॅलाइड या द्रव्यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. चीनमध्ये २००२ साली त्याचे कृत्रिमरीत्या बनविलेले शुद्ध रूप मेंदूतील रक्तवाहिनी अवरुद्ध होऊन येणाऱ्या पक्षाघातासाठी औषध म्हणून मान्य झाले. परंतु मोजून दिलेले शुद्ध द्रव्य आणि पेलाभर रस यांत, वत्सनाभाचे शोधित मात्रेतील कल्प आणि रानात उपटलेले मूळ यांत असतो तेवढाच फरक आहे. रसात ते द्रव्य किती आहे हे घरी कोणी मोजीत नाही. त्या बळावर रक्तदाबाची गोळी बंद करण्यास कोणताही शास्त्राधार नाही.

येथे आपल्या शास्त्रातील एका सूचनेचे स्मरण होते. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात शाकवर्गातील अनेक पालेभाज्या गुरू, रूक्ष व विष्टंभकारक सांगितल्या असून त्या वाफवून, रस पिळून टाकून, स्नेहयुक्त करून खाव्यात असे म्हटले आहे. आजची पद्धत नेमकी उलटी: रस प्यावयाचा आणि चोथा टाकावयाचा! सेलरी त्या यादीत नाही, हे खरे. तथापि तिच्यात मॅनिटॉल नावाची शर्करासदृश वस्तू असते, जी काहींना नीट शोषता येत नाही आणि आध्मान, गुडगुड व द्रवमल यांस कारण होते. ‘रसाने पोट साफ होते’ असे सांगणाऱ्या कित्येकांचे पोट या कारणाने सुटलेले असते. मंदाग्नी, ग्रहणी व आध्मान असलेल्या रुग्णास कच्ची सेलरी अथवा तिचा रस आम्ही देत नाही. शिजविलेली, जिरे-हिंगाच्या फोडणीची, थोडक्या प्रमाणातील सेलरी त्यांपैकी पुष्कळांना सोसते.

बी आणि ‘अजमोदा’ हा घोळ

औषधालयांच्या दृष्टीने लेखाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा. चरकाने अजमोदेची गणना दीपनीय व शूलप्रशमन या दोन्ही महाकषायांत केली आहे. भावप्रकाशात ती कटू, तीक्ष्ण, उष्ण, दीपन, कफवातघ्न, विदाही, हृद्य सांगून कृमी, छर्दी, हिक्का व बस्तिशूल यांवर उपयुक्त म्हटली आहे. शार्ङ्गधरसंहितेतील अजमोदादि चूर्ण आमवात, गृध्रसी, संधिपीडा यांवर आपण नित्य वापरतो. प्रश्न असा की बरणीतील अजमोदा कोणती?

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाच्या पहिल्या भागातील पहिल्या खंडात अजमोदा म्हणून एपियम लेप्टोफायलम या वनस्पतीची फळे दिली आहेत. हिला आता सायक्लोस्पर्मम लेप्टोफायलम म्हणतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील आणि आता अनेक देशांत तण म्हणून पसरलेली. म्हणजे चरककालीन वैद्यांच्या हाती ती असणे कठीण. अनेक ग्रंथकार ट्रॅकिस्पर्मम रॉक्सबर्गियानम हीच अजमोदा मानतात. बंगालच्या स्वयंपाकात ‘रांधुनी’ म्हणून वापरतात ती हीच. काही ठिकाणी सेलरीचे बी अजमोदा म्हणून विकले जाते. युनानी वैद्यकात ‘करफ्स’ म्हणतात ते सेलरीलाच. यात भर म्हणून, हिंग्वाष्टक चूर्णात अजमोदेच्या जागी सर्रास ओवा पडतो.

या सर्व द्रव्यांचे कुळ एक, दीपन-पाचन हा व्यवहारही पुष्कळसा सारखा. म्हणून एकाच्या जागी दुसरे गेल्यास सहसा तात्काळ अपाय दिसत नाही आणि चूक तशीच चालू राहते. परंतु रासायनिक घटक भिन्न आहेत. ओव्याचा मुख्य घटक थायमॉल. सेलरीच्या बियांच्या तेलात लिमोनिन प्रमुख आणि गंध थॅलाइडांचा. गुण येवो वा न येवो, तो कोणत्या द्रव्याचा हेच कळले नाही, तर आपला अनुभव शास्त्राच्या उपयोगी पडत नाही.

ओळखीच्या साध्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत. सेलरीचे बी फार बारीक, जेमतेम दीड मिलिमीटरचे, तपकिरी असून त्यावर पाच फिकट उभ्या कडा असतात. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक बिया भरतात. चघळले असता सेलरीचाच वास येतो व मागून कडवटपणा रेंगाळतो. ओवा आकाराने मोठा, करडा, खरबरीत. तळहातावर चोळताच थायमॉलचा झणका येतो. रॉक्सबर्गियानमचे बी सेलरीच्या बियांहून थोडे मोठे व खरखरीत, त्यावर बारीक राठ केस दिसतात. एक भिंग आणि मायेने जपलेले खात्रीचे नमुने प्रत्येक औषधालयात असावेत. तसेच ‘खुरासानी ओवा’ या नावात ओवा असला तरी ते धोत्र्याच्या कुळातील विषारी द्रव्य आहे. त्याची बरणी या सर्वांपासून दूरच्या फळीवर ठेवावी.

आणखी एक गोष्ट विशेष सावधगिरीची. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यास पुष्कळदा बुरशीनाशक चोळलेले असते. ते कधी रंगीत असते, कधी रंग फारसा जाणवत नाही. बियाण्याच्या दुकानातील पाकीट कितीही स्वच्छ दिसले तरी ते औषधात अथवा स्वयंपाकात वापरू नये. खरेदीच्या पावतीवर केवळ ‘अजमोदा’ असे न लिहिता वनस्पतीचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. परवानाधारक उत्पादकांनी औषधकोशाचे मानक पाळावे हे ओघाने आलेच.

साठवण

सेलरी नेहमी देठ ताठ, मोडल्यावर ‘कट्’ असा आवाज करणारे आणि पाने हिरवी पाहून घ्यावी. पिवळी पाने, पोकळ वा चिवट देठ, बुडख्याशी गुलाबी-तपकिरी कुज दिसल्यास ती घेऊ नये. कुजलेल्या सेलरीत सोरालेन नावाची द्रव्ये वाढतात. ती त्वचेवर लागून ऊन पडले की दाह व फोड येतात. परदेशांत सेलरीची काढणी करणाऱ्या मजुरांमध्ये हा विकार चांगलाच परिचित आहे.

शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत सेलरी पाच ते सात आठवडे टिकते. घरी तेवढी अपेक्षा धरू नये. जुडी न धुता, न सोडविता अॅल्युमिनियमच्या पन्नीत सैलसर गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत तिचा स्वतःचाच इथिलीन वायू कोंडतो व ती लवकर बिघडते. त्याच कारणास्तव सफरचंद व पिकलेली केळी तिच्या शेजारी नसावीत. अशा रीतीने दोन आठवडे ती चांगली राहते. मरगळलेले देठ बुडखा कापून थंड पाण्यात अर्धा तास उभे ठेवले की पुन्हा ताठ होतात. अधिक असल्यास तुकडे करून तीन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून, गार करून गोठवावेत. कुरकुरीतपणा जातो, पण सूप-आमटीस ते उत्तम चालतात. पाने सावलीत वाळवून चुरून ठेवता येतात.

बी सबंधच ठेवावे. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी ते बराच काळ टिकते. कुटून ठेवले की सुगंधी तेल उडू लागते. म्हणून लागेल तेवढेच कुटावे. चूर्ण उघडताच वास येत नसेल, तर ते निःसत्त्व झाले असे समजावे.

दैनंदिन स्वयंपाकात उपयोग

सेलरीचे खरे स्थान स्वयंपाकघरात आहे आणि तेथे ती मुख्य भाजी म्हणून नव्हे, तर कांदा-आल्याप्रमाणे चवीचा पाया म्हणून शोभते. फ्रेंच स्वयंपाकात दोन भाग कांदा, एक भाग गाजर व एक भाग सेलरी बारीक चिरून मंद आचेवर परततात आणि त्यावर सूप व रस्से उभे राहतात. आपल्याकडेही हीच रीत उपयोगी आहे. रुग्णांना आम्ही सांगतो ते प्रकार असे :

मुगाचे सूप : चमचाभर तुपात जिरे, आले, एक कांदा, एक गाजर व सेलरीचे दोन-तीन देठ परतून, त्यात अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ व पाणी घालून शिजवावे. देठाच्या बाहेरील चिवट शिरा आधी ओढून काढाव्यात. वरून मिरपूड घालावी. चौघांना पुरते. लघुआहार सांगितलेल्या रुग्णास हे रुचकर पथ्य होय.

कोशिंबीर : पातळ चकत्या, काकडी, डाळिंबाचे दाणे, दाण्याचे कूट, लिंबू व हिंग-जिऱ्याची फोडणी. ज्यांचा अग्नी चांगला त्यांनी दुपारच्या जेवणात घ्यावी.

पाने : बहुधा टाकून दिली जातात, पण वास सर्वाधिक त्यांतच असतो. थालीपीठ, पराठा, आमटी यांत कोथिंबिरीच्या निम्म्या प्रमाणात घालावीत.

बी : बटाट्याच्या भाजीत अथवा टोमॅटोच्या सारात एक चिमूट पुरे. अधिक झाल्यास पदार्थ कडवट होतो.

सेलरीस अंगचाच खारटपणा असल्याने तिच्या पदार्थांत मीठ शेवटी, चव पाहून घालावे. नेहमीपेक्षा कमी मिठात भागते. रक्तदाबाच्या रुग्णास सेलरीचा काही उपयोग असेल तर तो आमच्या मते येथे आहे.

कोणास सावध करावे?

युरोपात सेलरीची ॲलर्जी बरीच आढळते. युरोपीय संघात वेष्टनावर ठळकपणे नोंदविणे बंधनकारक असलेल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत तिचा समावेश आहे. आपल्याकडे ही भाजी नवीन असल्याने प्रथम थोडी खाऊन पाहण्यास सांगावे. ओठ-घशाला खाज वा सूज आल्यास ती बंदच करावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी ‘के’ जीवनसत्त्वामुळे सेलरीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. गर्भिणीने स्वयंपाकातील देठ खाण्यास हरकत नाही; बी मात्र औषधी मात्रेत घेऊ नये. वृक्कविकारात रस सर्वथा वर्ज्य समजावा.

समारोप

त्या गृहस्थांच्या घरी आजही सेलरी येते; ती आता सूपाच्या पातेल्यात जाते आणि गोळीच्या डबीला कोणी हात लावीत नाही. आम्हीही त्या प्रसंगापासून एक शिस्त पाळतो. ‘अमुक चालेल का?’ असे रुग्णाने विचारले की उत्तर देण्यापूर्वी आम्ही तीन प्रश्न विचारतो: त्याचा कोणता भाग घेणार, किती घेणार, आणि कशाच्या जागी घेणार? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आहारद्रव्याने होणारा अपाय पुष्कळदा त्याच्या गुणांमुळे नव्हे, तर त्याच्यासाठी जे सोडले त्यामुळे होतो. गल्ल्यावर बसलेल्या औषधी विक्रेत्यासही हे तीन प्रश्न विचारता येतील. त्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. व्यवसायबंधूंनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.